आईचं माप

आई वारली त्याच्या आधीच्या वर्षभरात तिच्या दिसण्याचं जेवढं कौतुक झालं, तेवढं उरलेल्या सगळ्या आयुष्यात झालं नव्हतं. ती बारीक झाली होती.

आमच्या काळ्या लोकांच्या चर्चच्या पायऱ्यांवर बायका तिला अडवायच्या. चर्चमध्ये सगळ्याच बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात; त्यातल्या सिस्टर ओडमने तर तिचे दोन्ही हात धरून तिला गोल फिरवून पाहिलं.

"अगं बाई, लुडेल! काय केलंस तरी काय? आम्हालाही सांग की!"

"कॅन्सर," आई म्हणाली. "पोटाचा. हवा असेल तर डॉक्टरचा पत्ता देते."

सिस्टर ओडमचा चेहरा उतरला, पण घटकाभरच. "देव बरं करेल गं," ती म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. "पण काही म्हण, दिसतेस मात्र छान."

हे आईनेच मला फोनवर सांगितलं. मी उत्तरेत क्लीव्हलंडला, ती खाली दक्षिणेत मेकनला. सांगताना ती हसत होती. तिचं हसूही आधीपेक्षा लहान झालंय, एवढंच मला इतक्या लांबून कळलं.

आई मोठी बाई होती. उंचीने नव्हे. छाती, कंबर, दंड, मांड्या, सगळं भरघोस. आणि ते सगळं घेऊन ती खोलीत आली की खोलीतल्या खुर्च्या जरा नीट मांडल्यासारख्या वाटायच्या. मी वयात आले तेव्हा तिने मला आरशासमोर उभं केलं, माझ्या अंगाभोवती टेप धरली आणि आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मी पोट आत घेतलं होतं. तिने पोटावर टिचकी मारली. "श्वास सोड. टेप नावं ठेवत नाही. ती फक्त सांगते. खोट्या मापाचा कपडा शिवलास तर दिवसभर त्याच्याशी भांडत बसशील."

गावातल्या मोठ्या दुकानात आमच्या अंगाच्या बायकांसाठी एक कोपरा होता, अगदी मागे, उशा आणि गाद्यांच्या शेजारी. तिथे सगळं गडद निळं नाहीतर काळं, आणि खांद्यापासून पोटरीपर्यंत नुसतं लोंबणारं. आई तिथला एखादा झगा हँगरसकट वर धरायची आणि विक्रेतीला विचारायची, "याबरोबरचा सोफा कुठे ठेवलाय?" मग आम्ही कापडाच्या विभागात जायचो. पिवळं, मोरपंखी, किरमिजी. चौकड्यांचं, मोठ्या फुलांचं. खांद्याची शिवण खांद्यावरच बसली पाहिजे आणि कमरेला कंबर दिली पाहिजे, हे तिचे दोन नियम. बाकी सगळ्याला माफी होती.

ती पाणीपट्टीच्या खिडकीवर नोकरी करायची. एकदा साहेबांनी तिला आत बोलावून सांगितलं की तिचा स्कर्ट ऑफिसला शोभत नाही. शेजारच्या खिडकीवर एक सडपातळ गोरी मुलगी बसायची, तिचा स्कर्टही तसाच, गुडघ्याच्या तेवढाच खाली. आई म्हणाली, "साहेब, तिच्या स्कर्टात आणि माझ्यात फक्त कापडाचा फरक आहे. मला जास्त लागतं." साहेबांनी मग सगळ्या बायकांना एकसारखा सैल राखाडी कोट सक्तीचा केला. आईने तो घरी आणला, पूर्ण उसवला, नव्याने बेतला आणि सोमवारी घालून गेली. त्या कोटाला आता कंबर होती. साहेबांना नियमात बोट ठेवायला जागा सापडली नाही. पण त्यानंतर तिला बढतीही कधी मिळाली नाही, हेही सांगितलं पाहिजे. ही गोष्ट आमच्याकडे सांगताना लोक शेवटचं वाक्य गाळतात.

आर्नेटा मावशी आईहून दोन वर्षांनी धाकटी, अंगाने तिच्यासारखीच. दोघी एकाच मशीनवर शिवायला शिकल्या, आणि हात मावशीचाच जास्त सुबक होता. पण मावशीने जन्मभर त्या मागच्या कोपऱ्यातला निळा रंग घातला. जुलैमध्ये रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं तेव्हाही तिच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या.

"आर्नेटा, कुणापासून लपतेस?" आई म्हणायची. "आम्हाला दिसतेस तू."

"तू दिसतेस ते दोघींना पुरतं," मावशी म्हणायची.

रोग कळला त्या महिन्यात आईने एक सूट शिवायला घेतला. डाळिंबी रंगाची लोकर, आतून रेशमी अस्तर, कोटाला कमरेखाली छोटी झालर. तेव्हाच ती उतरायला लागली होती, तरी तिने अंगावर टेप लावली नाही. जुनी मापं तिला पाठ होती, त्यावरूनच बेतला. तो तिने कधी घातला नाही. मी भेटायला आले होते तेव्हा मला आणि मावशीला स्वयंपाकघरात बोलावून तो खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाली, "मला यात पुरा. आणि माझ्या मापात पुरा. आजाराच्या मापात नाही."

"आजाराचं माप म्हणजे गं काय?" मावशीने विचारलं.

"फ्युनरल होमच्या ट्रॅमेलला कळेल, पुरण्याआधी तयार तोच करतो. कापूस कमी पडला तर म्हणावं माझी उशी फोड."

मी हसले. मावशी उठून भांडी घासायला लागली.

पुढे तिचे बाकीचे कपडे तिच्या अंगावरून घसरायला लागले. मावशी रोज म्हणायची, आण, आत घेऊन देते. आई कोट पिनांनी अंगाशी धरून ठेवायची, पण टाका घालू द्यायची नाही. "मी लहान झालेली नाही," ती म्हणायची. "मी आजारी आहे. आजारासाठी मी कपडे शिवत नाही."

मार्चमध्ये ती गेली. शेवटचा आठवडा मी तिच्याजवळ होते. वडील कधीच वारले होते आणि मी एकुलती एक, तेव्हा प्रार्थनेचा कागद छापणं, पाहुण्यांना कळवणं, गायकवृंदाशी बोलणं, हे सगळं माझ्याकडे आलं. मावशी म्हणाली, "ट्रॅमेलचं मी बघते. कपडे मी पोचवते." मला त्यात आधारच वाटला.

अंत्यदर्शन संध्याकाळी होतं. दुपारी मी आईचे कानातले घेऊन फ्युनरल होममध्ये गेले. मिस्टर ट्रॅमेल म्हातारे झालेत. माझ्या आजी-आजोबांना त्यांच्या वडिलांनी पोचवलं, माझ्या वडिलांना त्यांनी. ते दारातच उभे होते, आणि आमच्याकडच्या या धंद्यातल्या माणसांना काम मनासारखं झालं की जो एक दबलेला अभिमान असतो तो त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"ये, जॉस्लिन. बघ तुझी आई. मी उगाच बढाई मारत नाही बाळा, पण सुंदर दिसतेय."

मी पाहिलं. चेहरा खरंच चांगला झाला होता. रंग तिचाच होता, राखेसारखा नव्हे. केस तिच्या नेहमीच्या बाईने येऊन बसवले होते. आणि डाळिंबी सूट अंगावर चापून बसला होता. त्या आठवड्यात मी तिला उचलून बाथरूमपर्यंत नेलं होतं. ते अंग माझ्या हातांना माहीत होतं. तेच अंग होतं. खांद्याची हाडं, आत गेलेलं पोट, मुलीसारखे दंड. कॅन्सरला कोणीतरी बेतून सूट शिवला होता.

"कोटाची पाठ फाडावी लागली नाही," मिस्टर ट्रॅमेल म्हणाले. "नाहीतर आम्हाला मानेपासून खालपर्यंत फाडूनच घालावा लागतो कपडा. हल्ली मापाचं कोण आणून देतं? आर्नेटा येऊन मापं घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी तयार."

"कुणाची मापं?"

"तुझ्या आईची. इथेच, या टेबलावर. मी म्हटलं मी घेतो. नाही म्हणाली. मला बाहेर थांबायला सांगितलं."

मी कोटाची कड उलटून पाहिली. आई शिवणीत दोन बोटं माया ठेवायची, नेहमी, उद्या अंग वाढलं तर असू दे म्हणून. ती कापून टाकली होती. शिवणीला लागून, सरळ, बारीक, कडा पक्क्या केलेल्या. मावशीचा हात कधीच चुकायचा नाही. सूट पुन्हा सैल करायला तिने जागा ठेवली नव्हती.

मी तिला फोन केला. ती दोन गल्ल्या पलीकडेच राहायची, चालतच आली. निळा कोट गळ्यापर्यंत लावलेला.

"कशी दिसतेय?" आत आल्या आल्या तिने विचारलं, आणि मला काही बोलायला न देता पेटीजवळ जाऊन आईच्या कॉलरवरून बोट फिरवलं. "छान बसलाय ना? झालरीची फार पंचाईत झाली."

"मावशी, ती काय म्हणाली होती आपल्याला?"

"ती हजार गोष्टी म्हणायची."

"माझ्या मापात पुरा म्हणाली होती."

"हेच तिचं माप आहे. मी घेतलंय. तुला वाटतं सोपं होतं ते? माझ्या बहिणीच्या छातीभोवती टेप गुंडाळायची आणि ती गार लागायची?"

"माया का कापलीस?"

तिने कॉलरवरचं बोट काढून घेतलं. मिस्टर ट्रॅमेल दाराशी सरकले आणि तिथल्या फुलांकडे पाहायला लागले.

"तू येऊन उसवशील म्हणून," मावशी म्हणाली.

मी कोटाची कड पुन्हा सरळ केली. मी तशी कमीच बोलते. मावशीला कदाचित ते माझं सौजन्य वाटलं असेल, कारण ती बोलत राहिली.

"तू इथे नव्हतीस, जॉस्लिन. तुला तिचे रंग आठवतात, ती चालत आली की सगळे कसे वळून बघायचे ते आठवतं. ती पुढच्या बाकावर बसायची. कुठलं तरी पिवळं घालून, हॅट लावून, जहाज लागावं तशी यायची आणि बसायची. मी कुठे बसायचे? मागे. तिला काही ऐकू यायचं नाही. मला यायचं. 'बघ, स्टॉपवर बस आली.' 'त्या शिवणींची दया येते गं.' 'हिला घरी आरसा नाही?' आपल्याच बायका. गोऱ्यांचं मी बोलतच नाही, त्यांनी कधी धड पाहिलंसुद्धा नाही आपल्याकडे. आपल्याच. ज्यांच्या मुलींचे लग्नाचे झगे तिने फुकट शिवले त्या. मी चाळीस वर्षं ऐकलं आणि घरी येऊन तिला म्हटलं, छान दिसत होतीस लुडेल."

"मग आता?"

"आता एक दिवस. एकच. लोक येतील, बघतील आणि म्हणतील, किती सुंदर दिसतेय. आणि मागे बसून मला दुसरं काही ऐकावं लागणार नाही."

"ते कॅन्सरला सुंदर म्हणतील, मावशी."

"म्हणू देत!" तिचा आवाज फुटला. "ज्याला म्हणायचं त्याला म्हणू देत! तिलाच म्हणतायत असं तरी वाटेल मला."

एवढं बोलून तिने आपल्याच कोटाची पुढची बाजू पोटावर ओढून घेतली. ही तिची जुनी सवय. बोलताना, गाताना, प्रार्थनेला उभं राहताना ती हे करायची. मी लहान असताना मला वाटायचं तिला थंडी वाजते.

मी मिस्टर ट्रॅमेलना विचारलं की भरता येईल का. आजाराने खंगलेल्यांना ते भरतात, गाल, छाती, हात. हे काही मी नवीन विचारत नव्हते.

"भरता येईल," ते म्हणाले. "कापूस पुष्कळ आहे. पण भरल्यावर हा कोट काही मिटणार नाही, बाळा. घरून तिचा दुसरा एखादा आण ना. तिच्याकडे काय कमी होते?"

कपाट भरलेलं होतं, ते खरं होतं. पण बाकीचे कपडे तिने जगण्यासाठी शिवले होते. हा एक तिने यासाठी शिवला होता, स्वतःचं अंग हातातून जात असताना, टेपकडे न बघता.

"हाच," मी म्हणाले.

"मग पाठ फाडावी लागेल. मानेपासून खालपर्यंत, स्कर्टसकट. पुढून दिसणार नाही. पुढून ती अगदी ती दिसेल. खाली मात्र उघडी."

हॉस्पिटलमध्ये आईला जो झगा दिला होता त्याला मागे फक्त दोन नाड्या होत्या. तिने तिथल्या नर्सला सांगितलं होतं, "पाठ नसलेला कपडा कपडा नसतो, पोरी, तो ॲप्रन असतो. आणि मी इथे स्वयंपाकाला आलेली नाही." शेवटपर्यंत तो झगा मागून पिना लावून बंद करायचं काम माझं होतं. शेवटच्या सकाळी शुद्ध नव्हती तरी तिचा हात मागे जाऊन पिन चाचपत होता.

तेव्हा माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, ती नीट शिवलेल्या कपड्यात जाईल, पण दुसऱ्याच कोणाचं अंग घेऊन. किंवा स्वतःच्या अंगाने जाईल, पण पाठ उघडी ठेवून. तिला विचारता आलं असतं तर तिने मला आणि मावशीला दोघींनाही घराबाहेर काढलं असतं. कोणती निवड तिची झाली असती हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. मी निवडलं, एवढंच.

"कात्री द्या," मी म्हणाले.

"मी हे बघणार नाही," मावशी म्हणाली. दारापर्यंत गेली आणि थांबली. "तुझी आई आहे, तू कर. पण ती तुझी आई झाली त्याच्या आधी पंचवीस वर्षं माझी बहीण होती. हे कापताना लक्षात ठेव."

मिस्टर ट्रॅमेलनी आईला कुशीवर धरलं. लोकर चांगली होती, दाट. कात्री तिच्यातून सहज गेली नाही. कॉलरपाशी मला दोनदा जोर लावावा लागला. अस्तर मात्र लगेच फाटलं. मावशीचे टाके मध्ये आले तेव्हा मी ते उसवले नाहीत, तसेच कापले. मग आम्ही भरायला लागलो. ते छाती आणि दंड पाहत होते, मी कंबर आणि मांड्या. कुठे किती हे मला सांगावं लागलं नाही. लहानपणी मी त्या अंगावर डोकं ठेवून झोपले होते. "इथे अजून," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "एवढं?" मी म्हणायचे, "एवढं." झाल्यावर त्यांनी तिला उताणी केलं, मी कोट दोन्ही बाजूंनी ओढून खाली खोचला, कानातले घातले. पेटी एकदम लहान वाटायला लागली.

मिस्टर ट्रॅमेल एक पाऊल मागे सरकले. "ही आता पाणीपट्टीच्या खिडकीवरची लुडेल हारग्रोव्ह," ते म्हणाले. "मी उगाच बिल भरायला जायचो."

संध्याकाळी लोक आले आणि दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. चर्चमध्ये ज्यांना मदर म्हणतात त्या पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या पुढे, हॅटी, पंखे, गाणी. आई पुढच्या बाजूला उघड्या पेटीत, डाळिंबी, भरघोस. लोक रांगेने येऊन बघत होते, आणि मी त्यांचे चेहरे बघत होते. काहींना हुंदका आला. बऱ्याच जणांच्या कपाळावर आठी आली आणि लगेच गेली, भेट म्हणून आलेल्या डब्यात भलतंच काही निघावं तशी.

झाकण लावायच्या आधी घरचे शेवटचं बघतात. मावशी माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, पण बरोबर उठली. पेटीवर वाकली, आईची कॉलर नीट करायला हात मानेमागे घातला, आणि तो हात तिथेच थांबला. मी बघत होते. तिची बोटं फाटलेल्या कडेवर होती.

"पाठ उघडी आहे तिची," ती माझ्या कानाशी म्हणाली.

"हो."

"लुडेलची पाठ उघडी ठेवलीस तू."

"हो, मावशी."

तिने हात काढून घेतला, आणि मिस्टर ट्रॅमेलनी झाकण खाली आणलं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तळलेली कोंबडी, मॅकरोनी-चीज, कोलार्डची पालेभाजी, पाऊंड केक. बटाट्याचं सॅलड कोणी केलंय याची चौकशी झाल्याशिवाय ते कोणी वाढून घेत नव्हतं. मी ताट घेऊन भिंतीकडेच्या टेबलाशी चालले होते, तेव्हा पाठमोऱ्या बसलेल्या दोघींचं बोलणं कानावर आलं. सिस्टर ओडम आणि मदर बॅस्किन.

"शेवटी शेवटी किती नाजूक झाली होती बिचारी. मी म्हणाले नव्हते, छान दिसतेस म्हणून?"

"ट्रॅमेलचं वय झालं आता. मुलाच्या हाती द्यावं त्याने सगळं."

"एवढं भरतात का कधी? मला तर वाटलं दुसऱ्याच कोणाला आणून ठेवलंय."

"आर्नेटा सांगत होती. चूक झाली म्हणे त्याची. काल दुपारपर्यंत सुंदर दिसत होती म्हणे, आणि यांनी संध्याकाळपर्यंत काय केलं कोण जाणे."

मी ताट तसंच हातात धरून मावशीला शोधलं. ती कॉफीच्या भांड्याशी उभी होती, कपात चमचा फिरवत.

"मिस्टर ट्रॅमेलची चूक झाली असं तू सांगितलंस?"

"सांगितलं."

"त्यांना माहीत आहे?"

"त्यालाच विचारून सांगितलं. तो म्हणाला, माझ्या नावावर टाक, आर्नेटा, मी पुष्कळ सोसलंय." तिने चमचा बाजूला ठेवला. "तुझ्याबद्दल कोणी बोलायला नको होतं मला. लेकीने केलं असं कळलं असतं तर वर्षभर चघळलं असतं या बायांनी."

"म्हणजे ती तिच्या अंगाने आली, आणि सगळे समजतायत की चुकून आली."

"लोकांना काहीतरी समजायला लागतंच, जॉस्लिन."

तिने हे प्रेमानेच केलं होतं. हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. आईने जन्मभर स्वतःचा आकार उजेडात धरला, आणि त्याची आता चर्चच्या तळघरात धंद्यातली चूक होऊन बसली होती. चार दिवसांनी तर तेही राहणार नव्हतं. लक्षात राहणार होती ती पायऱ्यांवर गोल फिरवलेली, आजारी, छान दिसणारी बाई.

मी त्या टेबलाशी गेले. दोघींनी वर पाहिलं आणि दोघींचे चेहरे एकदम मऊ झाले.

"ये बाळा, बस. काही खाल्लंस का?"

"मिस्टर ट्रॅमेलची चूक नव्हती," मी म्हणाले. "आईला मी भरलं. माझ्या हाताने. आजारापूर्वी ती तशीच होती, तुम्ही तिला चाळीस वर्षं पाहिलंत. ते तिचं माप आहे."

सिस्टर ओडमने माझ्या मनगटावर हात ठेवला. "हो गं पोरी. हो."

"तिने तसं सांगितलं होतं. मला माझ्या मापात पुरा म्हणून."

"आजारी माणूस काहीही बोलतं गं," मदर बॅस्किन म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. आमच्यासाठी ती सुंदरच होती. कशीही असली तरी."

"कशीही नाही," मी म्हणाले. "तशी."

"हो हो. तशी. जा, खाऊन घे तू आधी." मग तिची नजर माझ्या ताटावरून माझ्या पोटाकडे आणि तिथून माझ्या पिवळ्या पट्ट्याकडे गेली. दुःखाच्या काळ्या कपड्यांवर मी तो पट्टा मुद्दाम कमरेला लावला होता. तिने मान हलवली, अगदी मायेने. "आईवर गेलीस तू. जप हं."

मी आभार मानले. दुसरं काय करणार? वळून जिन्याकडे चालायला लागले. मावशी अजून कॉफीपाशी उभी होती. तिने माझ्या मागे त्या टेबलाकडे पाहिलं आणि मग नजर खाली घेतली, आणि तिचा हात कोट पोटावर ओढायला गेला, म्हणून मला आधीच कळलं की आता काय येणार आहे.

"चालही तीच, बघ."

"आणि तो पट्टा गं. काय पण हौस!"

"बिचारी."

दोघी हळू बोलत होत्या. अर्ध्या खोलीचं अंतर होतं, ताटं वाजत होती, पोरं टेबलांखालून पळत होती. तरी शब्द न शब्द ऐकू आला. पाठीवर आलेलं नीट ऐकू येतं; त्यासाठी कान द्यावे लागत नाहीत. पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाला तर चर्चमधलं सगळंच ऐकू येत असणार. तिला काही ऐकू यायचं नाही, असं मावशी चाळीस वर्षं समजत आली होती.

मी जिना चढले. मागे पाहिलं नाही. आईने मागे वळून पाहिलेलं मला कधीच आठवत नाही, आणि आजवर मला वाटत होतं की तिला तशी गरज पडत नसावी.